हक्क की कर्तव्य? नागरिकाच्या हातातील शस्त्राची दीडशे वर्षांची गोष्ट

१.
दहशतवादी हल्ला झाला की दोन-चार दिवसांत एक मागणी हटकून पुढे येते : सामान्य माणसाला बंदूक द्या, तो स्वतःचे रक्षण स्वतः करील. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरण कुरणात २६ माणसे मारली गेली. त्यांत सहा जण महाराष्ट्रातले होते. त्यानंतरही ही मागणी झाली.

तिच्यामागचा संताप खोटा नाही. त्या दुपारी त्या कुरणात सुरक्षा दलांचा बंदोबस्त नव्हता. हल्लेखोराच्या हातातील शस्त्र हिसकावण्याचा प्रयत्न एका स्थानिक घोडेवाल्याने केला आणि त्यात त्याचे प्राण गेले. ज्या देशात रिकाम्या हातांनी बंदुकीला भिडण्याची वेळ नागरिकावर येते, त्या देशात ही मागणी करणाऱ्याला वेडा म्हणून उडवून लावता येणार नाही. तिचे उत्तर द्यावे लागेल.

२.
उत्तर देण्यापूर्वी इतिहास पाहणे आवश्यक आहे, कारण हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. आपल्या हातातील शस्त्र कोणी, केव्हा आणि का काढून घेतले? स्वतंत्र भारताची घटना लिहिणाऱ्यांनी ते परत का दिले नाही? आणि जिथे जिथे सरकारने नागरिकांच्या हाती बंदुका दिल्या, तिथे पुढे काय घडले? या तीन प्रश्नांचा मागोवा घेऊन शेवटी माझे मत मांडतो. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

३.
१८५७ च्या उठावानंतर कंपनीचे राज्य गेले आणि राणीचे आले. नव्या राज्यकर्त्यांच्या मनात एक भीती कायमची बसली होती : हा देश पुन्हा शस्त्र उचलील. उठाव शमल्यावर ठिकठिकाणी नि:शस्त्रीकरणाची मोहीम चालली. पण त्या भीतीला नेमके कायदेशीर रूप मिळाले ते १८७८ मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळात. त्या वर्षीच्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हिंदी माणसासाठी गुन्हा ठरले. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन यांना मात्र सूट होती.

याच वर्षी याच लिटनने देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आणला. लेखणी आणि बंदूक, दोन्हींवर एकाच वर्षी बंदी आली. वृत्तपत्रांचा कायदा पुढे रिपनच्या कारकिर्दीत रद्द झाला. शस्त्रांचा कायदा मात्र इंग्रज गेल्यानंतरही काही वर्षे आपल्या मानगुटीवर बसून होता.

४.
या कायद्याची खरी बोच परवान्याची नव्हती. परवाना तर कोणत्याही व्यवस्थित राज्यात लागतो. बोच होती ती माणसाची जात आणि निष्ठा पाहून सूट देण्याची. शिकारीला निघालेल्या गोऱ्या साहेबाला कोणी काही विचारणार नाही आणि रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलेल्या शेतकऱ्याने मात्र कचेरीत हेलपाटे घालायचे, असा तो न्याय होता.

निष्ठेचे बक्षीस कसे मिळे याचे एक उदाहरण आजही जिवंत आहे. १८६१ मध्ये मार्क कब्बन या अधिकाऱ्याने कोडगूच्या कोडव समाजाला शस्त्रबंदीतून वगळले. ती सूट वेगवेगळ्या कायद्यांतून चालत आली आणि अलीकडे केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. कोडव समाज ‘कैलपोद’ या सणाला शस्त्रांची पूजा करतो, बंदूक त्यांच्या संस्कृतीचा भाग आहे, हे सर्व मान्य. पण परकीय सत्तेने ही सूट दिली ती संस्कृतीच्या कौतुकापोटी नव्हे. आपल्यावर उलटणार नाही अशा लोकांची तिची एक यादी होती. शस्त्र कोणाला द्यायचे हे माणूस ‘कोण आहे’ यावरून ठरवण्याची ही रीत ध्यानात ठेवावी. पुढे तिची पुन्हा गाठ पडणार आहे.

५.
मग या कायद्याने बंड थांबले का? नाही. कायदा झाल्यावर पुढच्याच वर्षी, म्हणजे १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी, कोळी अशा समाजांतील माणसे जमवून पुणे जिल्ह्याच्या परिसरात सशस्त्र उठाव केला. ज्याने लढायचे ठरवलेच होते त्याला परवान्याची फिकीर नव्हती. फडके पकडले गेले, एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला, तो भाग वेगळा. पण कायद्याचा भार पडला तो निरुपद्रवी माणसावर, आणि ज्याच्यासाठी कायदा केला तो त्यातून वाट काढत राहिला. आज बंदुकीच्या हक्काचे समर्थक हाच मुद्दा मांडतात. त्यात तथ्य आहे, हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे.

६.
राष्ट्रीय सभेने हा अपमान विसरू दिला नाही. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात शस्त्र कायद्याविरुद्ध ठराव झाला आणि नंतरही ही मागणी पुनःपुन्हा होत राहिली. १९३१ च्या कराची अधिवेशनात, वल्लभभाई पटेल अध्यक्ष असताना, मूलभूत हक्कांचा जो प्रसिद्ध ठराव मंजूर झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही नोंदलेला आहे. स्वराज्य आल्यावर हा हक्क मिळणार, असेच तेव्हा कोणालाही वाटले असते.

७.
येथे गांधीजींविषयी एक खुलासा करणे भाग आहे, कारण समाजमाध्यमांवर त्यांच्या नावाने एक वाक्य सतत फिरवले जाते. संपूर्ण राष्ट्राला नि:शस्त्र करणारा कायदा हे इंग्रजांच्या दुष्कृत्यांतील अत्यंत काळे कृत्य, या अर्थाचे ते वाक्य गांधीजींचेच आहे, बनावट नाही. पण ते कुठे लिहिले गेले हे सांगितले जात नाही. १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी, गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव हिंडत होते. त्या वेळच्या पत्रकातील हा मजकूर आहे. शस्त्र चालवायला शिकायचे असेल तर सैन्यात दाखल व्हा, ही त्याची पुढची दिशा.

म्हणजे घरोघरी बंदूक असावी, असा त्या मजकुराचा अर्थ निघत नाही. शस्त्र शिकावे ते शिस्तीत, सार्वजनिक कामासाठी, असा निघतो. वाक्य अर्धे कापले की अर्थही अर्धाच उरतो, आणि अर्धा अर्थ कधी कधी संपूर्ण असत्याहून अधिक फसवा असतो.

८.
आता या कथेतील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग. डिसेंबर १९४८. संविधान सभेत स्वातंत्र्याच्या हक्कांवर चर्चा चालू आहे. आयसीएस सोडून राष्ट्रीय चळवळीत आलेले आणि मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले हरि विष्णु कामत एक दुरुस्ती मांडतात : नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत समाविष्ट करावा. कराचीत दिलेल्या वचनाचीच ती आठवण होती. इतकी वर्षे ज्या कायद्याविरुद्ध ठराव केले, त्याच्या जागी आपण काय आणणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

९.
उत्तर दिले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांच्या उत्तराचा आशय असा : परकीय सरकारने लोकांना नि:शस्त्र केले होते, त्या परिस्थितीत ती मागणी झाली, आता परिस्थिती बदलली आहे. प्रत्येक माणूस बाजारात जाऊन हल्ल्याची हवी ती साधने निर्वेधपणे विकत घेऊ लागला, तर राज्याचा कारभार कसा चालणार, याची कल्पनाच करवत नाही.

बहुतेक ठिकाणी या उत्तराचा एवढाच भाग सांगितला जातो. पण बाबासाहेब येथे थांबले नव्हते. आपण आग्रह धरायचा तो व्यक्तीच्या शस्त्र धरण्याच्या हक्काचा नाही, तर शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा, असे त्यांनी पुढे सांगितले. युद्ध, बंडाळी, राज्याच्या सुरक्षिततेवर संकट, असा प्रसंग आला तर राज्याने प्रत्येक नागरिकाला शस्त्र धरण्यास बोलवावे, आणि तो अधिकार राज्याकडे असावा. सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा घेता येईल, असे सांगणारे जे कलम आज अनुच्छेद २३ मध्ये आहे, त्याच्याकडे त्यांनी बोट दाखवले. कामतांची दुरुस्ती फेटाळली गेली.

१०.
हक्क आणि कर्तव्य यांतला हा फरक केवळ शब्दांचा नाही. हक्क माझा एकट्याचा असतो. मी बंदूक घेतली, कपाटात ठेवली, विषय संपला. कर्तव्य मात्र दोघांना बांधते. राज्याने मला शस्त्र धरायला बोलावले तर मला शिकवण्याची, माझ्या शस्त्राचा हिशेब ठेवण्याची, मी चुकलो तर मला जाब विचारण्याची आणि मी संकटात सापडलो तर माझ्या पाठीशी उभे राहण्याची जबाबदारी राज्यावर येते. आणि न बोलावता राज्याने माझे हात रिकामे ठेवले, तर माझे रक्षण करण्याचे ऋण राज्याच्या डोक्यावर चढते.

माझ्या मते हेच या प्रश्नाचे मर्म आहे. आपण बाबासाहेबांच्या उत्तराचा ‘नाही’ एवढा शब्द लक्षात ठेवला आणि त्याच्यासोबतची जबाबदारी विसरलो.

११.
कायद्याची आजची स्थितीही थोडक्यात पाहू. अनुच्छेद १९ नागरिकाला एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य देतो, पण शांततेने आणि विनाशस्त्र. शिखांचे कृपाण हा अनुच्छेद २५ मध्ये स्पष्टपणे मान्य केलेला अपवाद आहे. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र कायदा आला. वंशभेद गेला, परवाना राहिला. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त तीनऐवजी दोन अग्निशस्त्रे बाळगण्याची मर्यादा घातली आणि लग्नावरातीत हवेत गोळीबार करणाऱ्यांसाठी शिक्षा ठरवली.

मात्र एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. शस्त्र बाळगणे हा आपल्याकडे मूलभूत हक्क नसला, तरी स्वसंरक्षण हा कायद्याने दिलेला हक्क आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, ठरावीक परिस्थितीत, हल्लेखोराचा मृत्यू झाला तरी तो गुन्हा होत नाही. प्रतिकाराला कायद्याची ना नाही. प्रश्न आहे तो साधनाचा.

१२.
आता साधन दिल्यावर काय घडते ते पाहू. सुरुवात बंदुकीच्या बाजूने सर्वांत भक्कम असलेल्या उदाहरणापासून करतो. विरुद्ध बाजूचा उत्तम पुरावा टाळून केलेला युक्तिवाद टिकत नाही.

पंजाबच्या तरन तारन भागातील भिखीविंड. खलिस्तानी दहशतीच्या काळात तेथे बलविंदरसिंग संधू हे साम्यवादी कार्यकर्ते घर सोडून गेले नाहीत. त्यांच्या कुटुंबावर वारंवार हल्ले झाले. ३० सप्टेंबर १९९० रोजी मोठ्या जमावाने घराला वेढा घातला आणि कित्येक तास गोळीबार चालला. बलविंदरसिंग, त्यांचे बंधू आणि दोघांच्या पत्नी यांनी हातातील शस्त्रांनिशी तो हल्ला परतवून लावला. १९९३ मध्ये या चौघांना शौर्यचक्र मिळाले. त्या रात्री त्या घरात शस्त्र नसते तर ते घर उरले नसते.

१३.
पण या कथेचा शेवटही सांगितला पाहिजे. दहशतीचा काळ सरला. कुटुंबाला दिलेले पोलीस संरक्षण काढून घेतले गेले. १६ ऑक्टोबर २०२० रोजी बलविंदरसिंग संधू यांची त्यांच्या घराच्या आवारात गोळ्या घालून हत्या झाली.

एका रात्रीचा वेढा बंदूक परतवू शकते. तीस वर्षे डूख धरून बसलेल्या शत्रूवर पहारा ठेवणे एका कुटुंबाच्या आवाक्यातले नाही. ते राज्याचे काम आहे. ज्या नागरिकाने राज्याच्या बाजूने शस्त्र उचलले, त्याच्याबाबतीत तरी राज्याचे ऋण फिटेपर्यंत चालू राहायला हवे होते.

१४.
दुसरे उदाहरण जम्मूच्या डोंगराळ भागाचे. १९९५ मध्ये तेव्हाच्या डोडा जिल्ह्यापासून ग्राम संरक्षण समित्यांची सुरुवात झाली. दूरवर विखुरलेल्या वस्त्या, पोलीस ठाणे तासन् तास लांब, आणि रात्री येणारे हल्लेखोर. अशा गावांतील माणसांना .३०३ च्या जुन्या रायफली दिल्या गेल्या. अनेक गावांत या समित्यांमुळे लोकांनी गाव सोडले नाही, हे त्यांचे मोठे यश. त्याचबरोबर काही सदस्यांवर त्याच बंदुकांच्या जोरावर केलेल्या गंभीर गुन्ह्यांचे खटले उभे राहिले, आणि शस्त्रवाटप एका समाजाकडे झुकलेले आहे असा आक्षेपही सतत घेतला गेला.

१५.
१ जानेवारी २०२३ च्या संध्याकाळी राजौरी जिल्ह्यातील ढांगरी गावात दहशतवादी घरांत घुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेथेच पेरून ठेवलेला स्फोट झाला. दोन्ही मिळून सात जणांचा जीव गेला. स्फोटात गेलेली तर लहान मुले होती. समितीच्या रायफलीतून एका गावकऱ्याने गोळीबार केला म्हणून हल्लेखोर पळाले, नाहीतर आणखी माणसे गेली असती, असे गावाने सांगितले. गावातील बऱ्याच रायफली पूर्वीच परत घेतल्या गेल्या होत्या, अशी गावकऱ्यांची तक्रार होती.

हल्ल्यानंतर चक्रे फिरली. शस्त्रे पुन्हा वाटली गेली, केंद्रीय राखीव पोलीस दलाने गावकऱ्यांना प्रशिक्षण दिले. मला येथे विचारावेसे वाटते : हे प्रशिक्षण त्या संध्याकाळच्या आधी का नव्हते? बंदूक देऊन विसरून जाणे आणि बंदूक काढून घेऊन विसरून जाणे, दोन्हींत राज्य आपले काम गावावर ढकलून मोकळे झालेले असते.

१६.
तिसरे उदाहरण महाराष्ट्राच्या सीमेलगतचे. २००५ मध्ये छत्तीसगडच्या दंतेवाडा भागात नक्षलवाद्यांविरुद्ध ‘सलवा जुडूम’ उभे राहिले. आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून नेमून, महिना तीन हजार रुपये मानधनावर, जुजबी शिक्षण आणि अपुरे प्रशिक्षण देऊन हातात बंदुका दिल्या गेल्या. गावे दुभंगली, घरे जळाली, हजारो माणसे विस्थापित झाली. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही नेमणूक घटनाबाह्य ठरवली आणि शस्त्रे परत घेण्याचा आदेश दिला. अशा तरुणांना पुरेशा तयारीविना लढाईत लोटणे हा समतेच्या आणि जीविताच्या हक्कांचा भंग आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

सीमेच्या अलीकडे, आपल्या गडचिरोलीत, १९९० पासून दुसरा मार्ग होता. सी-६० या पथकात स्थानिक तरुणच घेतले गेले, पण ते रीतसर पोलीस म्हणून : भरती, प्रशिक्षण, वेतन, गणवेश आणि कायद्याचे उत्तरदायित्व यांसह. त्या पथकावर टीका झालेली नाही असे नाही. पण तेथे चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा, हे निश्चित असते.

१७.
आता मुंबई. २६ नोव्हेंबर २००८. दहा दहशतवादी, १६६ मृत्यू. त्या रात्री सामान्य प्रवाशाच्या खिशात पिस्तूल असते तर चित्र पालटले असते, असे आजही सांगितले जाते. पण छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे यांच्याजवळ शस्त्र होते. ते प्रशिक्षित होते, धैर्यवान होते, आणि हल्लेखोरांना सामोरे जाताना त्यांना वीरमरण आले. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर यांच्यापाशीही शस्त्रे होती. ज्यांनी सारी उमर शस्त्रांत काढली ते एके-४७ च्या माऱ्यापुढे पडले. वर्षातून एकदा पिस्तूल पुसून ठेवणारा परवानाधारक त्या गर्दीत, त्या धुरात, काय करू शकला असता?

१८.
आणि समजा, त्याने गोळी झाडलीच, तर? ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जेरुसलेमच्या प्रवेशद्वाराजवळच्या बसथांब्यावर दोन दहशतवाद्यांनी गोळीबार केला. परवान्याचे पिस्तूल बाळगणाऱ्या एका नागरिकाने गाडीतून उतरून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. थोड्याच क्षणांत तेथे आलेल्या सैनिकांना तोच हल्लेखोर वाटला. त्याने पिस्तूल टाकले, हात वर केले, तरी त्याला गोळी लागली आणि तो गेला. इस्रायलसारख्या देशात, जिथे सक्तीच्या सैन्यसेवेमुळे बहुतेकांना शस्त्राची ओळख आहे, तिथे हे घडले. दादर स्थानकाच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता चार वेगवेगळी माणसे पिस्तुले काढून उभी आहेत, आणि पोलीस जिना चढून वर येत आहेत, असे चित्र क्षणभर डोळ्यांसमोर आणावे.

१९.
स्वसंरक्षणाच्या नावाखाली आलेल्या शस्त्राचे मुंबईने पाहिलेले आणखी एक उदाहरण टाळता येत नाही. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे गेली. त्या खटल्यात अभिनेता संजय दत्त याने दंगलीच्या दिवसांत कुटुंबाच्या रक्षणासाठी एके-५६ घेतल्याचे म्हटले होते. न्यायालयाने त्याला स्फोटांच्या कटात दोषी धरले नाही, पण शस्त्र कायद्याखाली दोषी ठरवले, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा पाच वर्षांवर आणली.

भीती खरी असेल. पण भीतीच्या काळात शस्त्रांचा जो बाजार फुलतो, तो चालवणारे हात बहुधा त्याच लोकांचे असतात ज्यांची आपल्याला भीती वाटत असते.

२०.
२६/११ ने शिकवलेली गोष्ट वेगळीच आहे. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातातल्या काठीनिशी कसाबच्या बंदुकीची नळी धरली आणि स्वतःच्या देहावर गोळ्या झेलून त्याला जिवंत पकडून दिले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. कसाब जिवंत हाती लागला म्हणूनच कट न्यायालयात शाबीत करता आला. आपण ओंबळ्यांच्या शौर्याचे पुतळे उभारतो, ते उचितच. पण दहशतवाद्यासमोर उभ्या असलेल्या पोलिसाच्या हाती काठी का होती, हा प्रश्न पुतळ्याला हार घालताना विचारायला हवा.

राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने त्या रात्रीची चौकशी केली, तेव्हा पोलीस दलाच्या सज्जतेतील अनेक उणिवा पुढे आल्या. दारूगोळ्याच्या तुटवड्यामुळे नेमबाजीचा सराव खुंटला होता, ही त्यांतली एक. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो दिल्लीजवळच्या मानेसरहून यावे लागले. त्यानंतर मुंबईत त्या दलाचे केंद्र झाले, राज्याचे ‘फोर्स वन’ उभे राहिले. म्हणजे उपाय ठाऊक होता. तो हल्ल्यानंतर सुचला.

२१.
आज हा विषय मागे पडलेला नाही. मे २०२५ मध्ये आसामच्या मंत्रिमंडळाने संवेदनशील भागांतील ‘मूळ रहिवाशांना’ शस्त्रपरवाने देण्याचे धोरण ठरवले. सीमेलगतच्या माणसाची असुरक्षितता मी नाकारत नाही. पण शस्त्र कोणाला द्यायचे हे माणूस कोणत्या समाजाचा यावरून ठरू लागले, की चौथ्या टिपणातील लिटन आणि कब्बन यांची यादी वेगळ्या नावाने परत येते. त्या यादीत नसलेला शेजारी मग काय समजतो? बंदूक आपल्याकडे रोखलेली आहे, असेच. आणि तोही आपली सोय पाहू लागतो. दहशतवाद्याला शेजाऱ्या-शेजाऱ्यांत जी भीती पेरायची असते, ती अशाने आयती पेरली जाते.

२२.
तेव्हा माझे मत असे. सरसकट बंदुका वाटणे हे दहशतवादाचे उत्तर नाही. पण ‘कायदा हातात घेऊ नका’ एवढे सांगून नागरिकाला घरी पाठवणे हेही उत्तर नाही. राज्याला नागरिकाचे हात रिकामे ठेवायचे असतील, तर त्या रिकाम्या हातांचा मोबदला राज्याने चुकता केला पाहिजे : पुरेसे पोलीस, त्यांच्या हाती चालणारे शस्त्र, त्या शस्त्राचा नियमित सराव, आणि बैसरणसारख्या गर्दीच्या जागी बंदोबस्त.

आणि जिथे ठाणे तासन् तास दूर आहे, जिथे गावाला शस्त्र देण्यावाचून गत्यंतर नाही, तिथे ते १९४८ च्या अर्थाने द्यावे. समाज पाहून न देता गावाची गरज पाहून द्यावे. प्रशिक्षण आधी, रायफल नंतर. प्रत्येक गोळीचा हिशेब. गुन्हा केला तर खटला. आणि शस्त्र धरणाऱ्याला मानधन व संरक्षण, धोका टळला असे सरकारला वाटेपर्यंत नव्हे, तर धोका खरोखर टळेपर्यंत.

२३.
आपल्या कोकणात आजही शेतीसंरक्षणाचा परवाना असलेली ठासणीची बंदूक अनेक घरांत आहे. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, मतदान उरकले की परत आणायची. मधल्या काळात माकडे आणि डुकरे बागेत धुमाकूळ घालतात आणि शेतकरी चडफडतो. तरीही तो बंदूक जमा करतो, पावती जपून ठेवतो आणि ठरल्या दिवशी परत मागायला जातो. त्या पावतीत एक करार आहे : मी तुझ्यावर विश्वास ठेवून शस्त्र ठेवले, आता माझी राखण तुझ्याकडे.

स्वतंत्र भारताच्या नागरिकाने १९४८ मध्ये असेच आपले शस्त्र जमा केले. पावती संविधान सभेच्या कामकाजात आहे. ती अधूनमधून काढून राज्यापुढे धरली पाहिजे.

धागा येथे पुरा करतो. असहमती असेल तर जरूर लिहा; फक्त तेविसाव्या टिपणापर्यंत वाचून मग लिहा, एवढीच विनंती.